दुमडलेलं टोक

कात्री ती टेबलावर ठेवत नसे. जाड दोऱ्याला बांधून गळ्यात घालायची. जेवतानासुद्धा.

टेप दाताने तोडणाऱ्या माणसाशी ती त्या दिवशी बोलत नसे.

चहा आला की आधी कपाची कड पुसायची, मग बशीचं बूड, मग टेबल. पाण्याचा थेंब तिला दिसला आणि तिने सोडला, असं कधी झालं नाही.

रस्त्याने ती वर बघत चालायची. कुणाच्या छपरावरून केबल खाली येते आणि सरळ भिंतीत शिरते, आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ दिलेला नाही, असं दिसलं की च्च करायची. एकदा एका अनोळखी घराची बेल वाजवून सांगून आली, की तुमच्याकडे पाणी केबलवरून चालत येणार आहे. त्या माणसाने दार लावून घेतलं. पाणी आलं तेव्हा तोच माणूस तिचा पत्ता शोधत आला.

जोड गुंडाळून झाला की टेपचं शेवटचं टोक ती नखाएवढं आत दुमडायची.

आणि सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, हातात काहीही असो, केस वाळवायचा ड्रायर बंद करायची. पाच मिनिटं. मग पुन्हा चालू.

ड्रायर केसांसाठी नव्हता. केस तिचे चार बोटं होते आणि ते आपोआप वाळत. ड्रायर जोडांसाठी होता.

ती जिथे काम करायची ते वर्कशॉप म्हणजे पाऊस आणि नदी मोजणाऱ्या खात्याची मागची बाजू. खोऱ्यात खात्याची अकरा केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर एक माणूस, एक पर्जन्यमापक, एक रेडिओ आणि एक खांब. खांबाच्या टोकाला अँटेना. अँटेनातून केबल खाली येते आणि भिंतीतून रेडिओत जाते. केबल जिथे जिथे जोडली जाते, तिथे पितळी नळकांडं असतं, अंगठ्याएवढं. पाणी शिरतं ते तिथूनच. ते शिरू नये म्हणून जोड गुंडाळायचा, एवढंच तिचं काम. चौदा वर्षं तिने तेवढंच केलं.

वर्कशॉपात तिला मलमपट्टीबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि ती ओ देई. कारण ते खरं होतं. आधी ती इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत होती. सकाळी आठ ते दोन, रांगेतले हात-पाय बांधायची. वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री एकदा हात भाजून तिच्याकडे गेले. तिने बांधलेली पट्टी पाच दिवस जागची हलली नाही. मिस्त्री पट्टी सोडवायला गेले आणि तिलाच घेऊन आले. म्हणाले, हात तोच, फक्त रोगी बदलायचा.

रोगी बदलला, रीत बदलली नाही. पट्टी खालून वर बांधायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला निम्मा झाकत गेला पाहिजे. छपरावर कौलं बसवतात तशी. खालचं आधी, वरचं त्याच्यावर, म्हणजे पाणी घसरून जातं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक वेढ्याला ओठ फुटतो आणि पाणी त्या ओठात थांबतं. आधी रबरी टेप. ती ताणून निम्मी बारीक करायची, मग ती स्वतःलाच चिकटते आणि तासाभरात एकजीव होते. वरून काळी टेप, उन्हासाठी. ती तीनदा. खालून वर, वरून खाली, पुन्हा खालून वर. शेवटचा हात नेहमी वर जाणारा. आणि शेवटचा वेढा ताणायचा नाही. ताणलेली टेप परत आपल्या लांबीला जायला बघते आणि हळूहळू उठते.

या सगळ्याच्या आधी वाळवायचं. ओलं असताना झाकायचं नाही. ही गोष्ट ती नव्या माणसाला तीनदा सांगायची आणि तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज उतरायचा. का उतरतो ते कुणी विचारलं नाही.

टोक दुमडायची सवय मात्र इस्पितळातली. पट्टी उद्या कुणाला तरी सोडायची असते. त्या हाताला टोक चटकन सापडावं, जखमेवर चाचपडावं लागू नये. वर्कशॉपातला लंबू तिला चिडवायचा, मलमपट्टीबाई, खांबावरच्या पेशंटला कोण तपासायला येणार आहे. लंबू उंच होता. खांबांवर चढायचं काम त्याचं. ती म्हणायची, तूच येशील, आणि तेव्हा माझी आठवण काढशील.

केबल श्वास घेते, असं तिचं म्हणणं होतं. दिवसा ऊन तापतं, आतली हवा फुगते आणि बाहेर जाते. संध्याकाळी गारवा पडतो, केबल हवा आत ओढते. जोडाला केसाएवढी फट असली तरी रोज संध्याकाळी एक घोट. मिस्त्री म्हणत, घोट कसला, वाफ. ती म्हणायची, वाफच की. पण वर्षभराची किती झाली?

मग ते पाणी आवाजात येतं. हे तिने कुठे वाचलं नव्हतं, तिला ऐकू यायचं. आधी स जातो. मग आकड्यांच्या कडा झिजतात, सात आणि साठ सारखेच वाटू लागतात. मग माणूस लांबून, पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. संध्याकाळी घरी जाताना तिला वाटायचं, सगळं गाव आत्ता हळूच श्वास ओढत असेल. छपराछपरावर काळ्या केबली, गार होत चाललेल्या. तोंडाला भांडं लावून बसलेल्या.

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर लोकांच्या काचा पुसायचा. घरी दोन खोल्या, दोन खुर्च्या, एक खिडकी. खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत आणि वर वितभर आभाळ. शेजारची मंडळी म्हणत, या घरात दोघंही पुसणारी, इथे डाग यायला लाजतो. मूलबाळ नव्हतं. नवरा कमी बोलायचा. ती बोलत असताना चष्मा काढून पुसायचा, म्हणजे ऐकतोय असं समजायचं.

त्यालाही साडेआठ आणि साडेपाच माहीत होतं. रविवारी घरी असली तरी ती त्या वेळी नळ बंद करायची.

वर्कशॉपच्या एका बाजूला प्लायवूडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे ऑपरेटरची खोली. रोज दोन वेळा अकरा केंद्रं क्रमाने बोलत. पहिलं, दुसरं, तिसरं. ती मान खाली घालून टेबल पुसत राहायची. सातव्याची पाळी आली की फडकं थांबायचं.

सातवं केंद्र सगळ्यात उंच, कड्यावर. तिथून एका बाईचा आवाज यायचा. जाडसर, घाई नसलेला. पाऊस बारा पॉइंट चार. वारा नैऋत्य. नदी दिसत नाही.

एवढंच. धुकं असलं की नदी दिसत नाही, नसलं की नदी दिसते आहे. ऑपरेटर म्हणायचा, मिळालं, सातवं. की फडकं पुन्हा चालू.

ती तिची थोरली बहीण होती.

नऊ वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. वर्कशॉपात कुणाला माहीत नव्हतं की त्या बहिणी आहेत. आवाज सारखे नव्हते.

भांडण आईच्या पायावरून झालं. आई आठ महिने अंथरुणावर होती, थोरलीकडे. घोट्याच्या वर जखम. धाकटीला तेव्हा वर्कशॉपात लागून पाच वर्षं झाली होती, पण हात तोच. रोज संध्याकाळी जाऊन पट्टी बदलायची. त्या दिवसांत थोरलीचं छप्पर गळत होतं आणि गळती बरोबर आईच्या पायथ्याशी. पट्टी भिजायची. धाकटीने एक दिवस काय केलं, पट्टीवरून रबरी टेप गुंडाळली. वर्कशॉपातली. खालून वर, निम्मं झाकत, टोक दुमडून. पाण्याचा थेंब आत जाईना. मग दोन दिवस ती तापाने पडली आणि जाऊ शकली नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीने टेप कापली, तर आतली जखम पांढरी, बुळबुळीत झालेली. बाहेरचं पाणी आत गेलं नव्हतं. आतली ओल बाहेर येऊ शकली नव्हती.

आई त्यानंतर महिन्याने गेली. हृदयाने गेली. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. पण भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरलेली असताना थोरली म्हणाली, हिने आईला केबलीसारखं गुंडाळलं. ओल आत कोंडली.

धाकटीने कात्री गळ्यात घातली आणि निघाली. थोरलीनेही ते घर सोडलं. कड्यावरच्या केंद्राला माणूस हवा होता, तिथे कुणी टिकत नव्हतं. ती टिकली. धाकटीला हे कळलं ते एका सकाळी साडेआठ वाजता, भिंतीपलीकडून.

त्यानंतर तीन वर्षांनी सातव्या केंद्राची अँटेना बदलायची होती. नवी अँटेना आणि तिची हातभर केबल वर्कशॉपातच जोडून, गुंडाळून पाठवायची असते. तो जोड धाकटीने केला. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ वाळवला. टोक दुमडलं. लंबू ती अँटेना खांद्यावर टाकून घेऊन गेला आणि ती दारात उभी राहून बघत राहिली. मिस्त्री म्हणाले, सासरी पाठवताय काय. ती म्हणाली, तसंच समजा.

त्या जोडाला सहा वर्षं झाली तेव्हा थोरलीच्या आवाजातला स गेला.

पहिल्यांदा तिला वाटलं आपल्या कानाचा दोष. पुढच्या महिन्यात आकडे झिजले. ऑपरेटर म्हणू लागला, सातवं, पुन्हा सांगा. सातवं, कळलं नाही. काही संध्याकाळी नुसती खरखर यायची आणि खरखरीच्या तळाशी कुणीतरी काहीतरी मोजत असल्याचा भास. धाकटी फडकं हातात धरून उभी राहायची. पाच मिनिटांची दहा व्हायची.

मग मुख्य कार्यालयातून पत्र आलं. सातव्या केंद्राच्या नोंदी वारंवार चुकतात. या महिन्यात आणखी दहा चुकल्या तर केंद्रावरचा माणूस काढून तिथे स्वयंचलित पेटी बसवण्यात येईल. पेटी आकडे थेट मुख्य कार्यालयात पाठवते. पेटीला आवाज नसतो.

मिस्त्रींनी पत्र मोठ्याने वाचलं आणि लंबूकडे बघितलं. लंबूने हात वर केले. दर वर्षी जातो मी, म्हणाला. त्या बाई वरच्या जोडाला हात लावू देत नाहीत. खालचं सगळं बघा म्हणतात. वरचा चांगला आहे म्हणतात. काठी घेऊन उभ्या राहतात.

"कसली काठी?" मिस्त्रींनी विचारलं.

"पाऊस मोजायची."

सगळे हसले. धाकटी हसली नाही.

"मी जाते," ती म्हणाली.

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. चौदा वर्षांत ती वर्कशॉपाबाहेर कामाला गेली नव्हती. त्यांनी विचारलं, वाट दोन तासांची चढाची आहे, तुम्ही कशा जाणार. ती म्हणाली, पायांनी.

तिने पिशवी भरली. नवी केबल, दोन नळकांडी, पाना, रबरी टेप, काळी टेप, स्पिरिट, कोरडी फडकी आणि ड्रायर. लंबूने ड्रायर बाहेर काढला. वर वीज नाही, म्हणाला, सूर्यावर चालणारी बॅटरी आहे, हा लावलात तर रेडिओच झोपेल. मग वाळवणार कशाने? तिने विचार केला आणि स्टीलचा थर्मास घेतला.

नवऱ्याने तो थर्मास सकाळी उकळत्या पाण्याने भरून दिला. झाकण दोनदा तपासलं. दारात उभा राहून चष्मा पुसत राहिला.

वाट धुक्यातून होती. पुढची दहा पावलं दिसत, मग काही नाही. मागे वळलं तर आलेली वाटही पुसलेली. सोबत आलेला गाडीवाला खाली रस्त्यावरच थांबला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला परत येईन, म्हणाला होता. ती थांबत थांबत चढली. तिला वाटलं, आपण एका लांब केबलीच्या आतून चाललोय आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी बोलतंय. अजून ऐकू येत नाही इतकंच.

मग धुक्यात एक खांब दिसला. त्याच्या बुडाशी एक खोली. दारात थोरली उभी होती. बारीक झाली होती. हातात काठी होती.

"लंबू येणार असं कळवलं होतं," थोरली म्हणाली.

"खांबाला बिजागरी आहे. आडवा करायचाय. उंचीचं काय काम?"

थोरलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ठमे, बूट बाहेर काढ. चिखल आणलास."

नऊ वर्षांनी हे पहिलं वाक्य. ठमी हे तिचं लहानपणचं नाव, बुटकी आणि गोल म्हणून. ते नाव घेणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं.

खोलीत एक पलंग, एक टेबल, टेबलावर रेडिओ, भिंतीला नोंदवह्या. खिडकीत काचेचं मोजपात्र पालथं घातलेलं. ते इतकं स्वच्छ होतं की धाकटीला ते पुसायची इच्छा झाली नाही.

दुपारी धुकं थोडं वर गेलं. दोघींनी खांबाचा दोर सोडला. खांब हळूहळू झुकला, म्हातारं माणूस आधाराने बसतं तसा. दोर दोघींच्या हातातून सरकत होता आणि दोघी एका लयीत हात बदलत होत्या. विहिरीवर लहानपणी बदलायच्या तसे. कुणी कुणाला सांगितलं नाही.

अँटेना गवतावर टेकली. धाकटी गुडघ्यांवर बसली आणि तिने वरचा जोड हातात घेतला.

काळी टेप अर्धी सुटली होती. सुटायला सुरुवात कुठून झाली ते तिला लगेच दिसलं. दुमडलेल्या टोकापासून. तेवढ्या नखाएवढ्या घडीत वारा बोट घालत होता. सहा वर्षं, रोज. घडी आधी उठली, मग त्या घडीने शेवटचा वेढा उठवला, मग त्याच्या खालचा. काळं झाकण गेल्यावर रबराला ऊन लागलं होतं आणि रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. इस्पितळात पट्टीला वारा लागत नाही. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण टेप सगळी सुटलेली नव्हती. सुटलेला भाग कुणीतरी परत दाबून बसवला होता. त्यावर लोकरीचा दोरा गुंडाळून गाठ मारली होती. त्याच्याखाली आणखी एक दोरा, रंग उडालेला. त्याच्याखाली आणखी एक. आणि मेणाचे थेंब.

"हे कुणी बांधलं?"

"मी."

"कधी?"

"दर वर्षी. वादळं संपली की."

"लंबूला का नाही बदलू दिलास?"

थोरली दोराची गुंडाळी करत होती. ती करतच राहिली.

"पहिल्या वर्षी तो कापायला निघाला," ती म्हणाली. "मी बघितलं, टोक दुमडलेलं. आईच्या पायाला असायचं तसं. कापून खाली दरीत टाकणार होता तो. रीतच आहे म्हणे त्यांची."

धाकटीने गळ्यातली कात्री घेतली. एकेक दोरा कापला आणि खिशात ठेवला. मग रबराला उभी चीर दिली आणि जोड उघडला.

आतलं पितळ हिरवं झालं होतं. तिने नळकांडं फिरवलं, ते कुरकुरलं, सुटलं, आणि पाणी तिच्या तळहातावर पडलं. थोडंसं. तपकिरी.

"थांब," थोरली म्हणाली. आत गेली आणि मोजपात्र घेऊन आली. धाकटीने तळहात कलता केला. थोरलीने पात्र डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटला.

"शून्य पॉइंट दोन."

"एवढंच?"

"एवढंच."

दोघी त्या पाण्याकडे बघत राहिल्या. एवढ्याशा पाण्याने एक आवाज दोन महिने बुडाला होता. नोंदवहीत धरायचं का, असं धाकटीने विचारलं. थोरली म्हणाली, हे आभाळातून पडलेलं नाही. पण पात्र तिने लगेच ओतलं नाही.

मग ती गवतावर बसली, धाकटीच्या समोर.

"सगळ्यांसमोर बोलले मी ते."

"बरोबर बोललीस. कोंडली होती मी ओल."

"डॉक्टर म्हणाले होते, पायाने नाही गेली."

"माहीत आहे."

"मग इतकी वर्षं?"

"मग काय. फडकं दे कोरडं."

थोरलीने फडकं दिलं.

नवी केबल लावली. नळकांडं हाताने फिरवलं, मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही. थर्मासातलं पाणी अजून कढत होतं. ते तिने एका बाटलीत ओतलं, बाटली फडक्यात गुंडाळली आणि जोडाला लावून धरली. थोरलीने दोघींवर छत्री धरली. धुकं पुन्हा उतरलं होतं. छत्रीखाली थोडी ऊब, बाहेर सगळं पांढरं. जोड ऊब घेत होता. अर्धा तास दोघी तशाच बसल्या. आईच्या पायाशी एकेकाळी बसायच्या तितक्याच अंतरावर. धाकटीला मध्येच डुलकी आली. जागी झाली तेव्हा छत्री तिच्याच बाजूला जास्त होती आणि थोरलीचा खांदा भिजला होता.

मग तिने गुंडाळलं. रबर ताणून. काळी टेप वर, खाली, वर. शेवटचा वेढा सैल. कात्रीने कापलं आणि टोक अंगठ्याने सपाट दाबून बसवलं. अंगठा बराच वेळ तिथेच ठेवला.

"टोक दुमडलं नाहीस," थोरली म्हणाली.

"वारा धरतो."

"मग पुढच्या माणसाला सापडणार कसं?"

"पुढचा माणूस चाकू घेऊन येईल."

खांब उभा राहिला. साडेपाचला थोरली रेडिओसमोर बसली. धाकटी पलंगावर बसली होती. इतकी वर्षं ती या आवाजाच्या शेवटी उभी असायची. आज ती त्याच्या सुरुवातीला होती. पाऊस तीन पॉइंट सहा, थोरली म्हणाली. वारा नैऋत्य. नदी दिसत नाही. मग कळ सोडली.

"मिळालं, सातवं," ऑपरेटर म्हणाला. मग थोडं थांबून, नियम मोडून म्हणाला, "शेजारी बसल्यासारखा येतोय आवाज."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खालचा जोड घेतला. केबल भिंतीत शिरते तिथला, खिळ्याजवळचा. तोही जुना झाला होता. अजून गळत नव्हता, पण हात फिरवल्यावर तिला तो आवडला नाही. वाळवला, रबर बसवलं, काळ्या टेपचा एक हात वर नेला, एक खाली आणला. तिसरा सुरू करणार, तेवढ्यात कड्यावरून धुक्याचा लोट आला आणि जोडावर दव बसलं. बारीक, मोहरीएवढं. तिने पुसलं. पुन्हा बसलं. बाटलीतलं पाणी गार झालं होतं. खाली गाडी दोनला येणार होती.

ओल्यावर टेप बसत नाही, ती म्हणाली. बसली तरी ओल आत राहते.

थोरली म्हणाली, घाई काय आहे. त्या निमित्ताने येशील.

पंधरा दिवसांनी येते, असं ठरलं. टेपचं रीळ तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि त्या खिळ्याला अडकवलं. थोरलीने तिला वाटेच्या वळणापर्यंत सोडलं. वळणावर काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. धाकटीने घरी सगळं सांगितलं, पण ते सांगितलं नाही.

घरी ती दोन संध्याकाळी बोलत होती. नवऱ्याने चष्मा इतका पुसला की त्याची दांडी सैल झाली. वर्कशॉपात तिने सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, यापुढे टोक दुमडायचं नाही. माझं चुकलं. लंबूला म्हणाली, तुझी मात्र आठवण काढली मी. साडेआठला ड्रायर बंद केला. पाऊस एक पॉइंट दोन. नदी दिसते आहे. स होता. स्वच्छ, वाटीवर चमचा वाजावा तसा. मिस्त्रींनी विचारलं, हसताय कशाला. तेव्हा तिने सांगितलं, ती माझी ताई.

बारा दिवसांनी रविवार होता. दुपारी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, वितभर आभाळाकडे बघत. कात्री गळ्यात होती. नवऱ्याला वाटलं झोप लागली. त्याने चहा केला. तिच्या कपावर बशी झाकून ठेवली. साडेपाच वाजता तो नळ बंद करायला उठला, कारण ती उठली नव्हती. तेव्हा त्याला कळलं.

ती चोपन्न वर्षांची होती. काही दुखत नव्हतं. तिने कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

निरोप द्यायला दुसरा मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरने अकरावं केंद्र संपल्यावर सातव्याला पुन्हा हाक मारली आणि सांगितलं. पलीकडे काही आलं नाही. त्याने वाट बघितली. खरखर नव्हती, काहीच नव्हतं. स्वच्छ शांतता येत होती. मग थोरली म्हणाली, मिळालं.

ती खाली आली, दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी चढून परत गेली. दोन दिवसांच्या चार नोंदी चुकल्या. मिस्त्रींनी त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, केबलचा दोष नाही. महिना संपला. पेटी आली नाही.

ती परत गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी साडेआठला वर्कशॉपात सगळे उभे होते. ड्रायर कुणी लावलाच नव्हता. सातव्याची पाळी आली. पाऊस शून्य. वारा मंद. नदी दिसते आहे.

"आवाजात पाणी आहे," लंबू हळूच म्हणाला.

"ते केबलचं नाही," मिस्त्री म्हणाले.

पुढच्या आठवड्यात लंबू वर जाऊन आला. खालच्या जोडाचा तिसरा हात राहिला होता. शेवटचा हात वरून खाली आलेला तसाच ठेवला तर वेढ्यांच्या ओठांत पाणी थांबणार, हे त्याला माहीत होतं. त्याने खिळ्यावरची पिशवी काढली आणि रीळ बाहेर घेतलं. थोरली काठी घेऊन उभी नव्हती. दारातल्या दगडावर बसली होती आणि नुसती बघत होती. म्हणाली, कर तुला करायचं तर. जोड कोरडा होता, ऊन होतं, हवा चांगली होती.

टोक शोधायला लंबूने रीळ फिरवलं. शोधावं लागलं नाही. टोक नखाएवढं आत दुमडून ठेवलेलं होतं.

त्याने रीळ परत पिशवीत घातलं आणि पिशवी खिळ्याला अडकवली.